चेहरा ज्याचा, एक प्रत त्याची
रस्त्यावरच्या काळ्या-पांढऱ्या फोटोंचा धंदा आणि आपल्या कारागिरांसाठी त्यातला धडा

आमच्या मोहल्ल्यात एक कल्हईवाले चाचा आहेत. वय सत्तरीच्या पुढे. सकाळी दहा वाजता भट्टी पेटते, भाता सुरू होतो आणि दुपारपर्यंत हॉटेलवाल्यांची पातेली, लग्नाच्या देगा चकचकीत होऊन बाहेर पडतात. तापलेल्या भांड्यात नवसागर पडला की पांढऱ्या धुराचा लोट उठतो. त्या धुरात चाचांचा सुरकुतलेला चेहरा, एका हातात सांडशी, दुसऱ्या हातात कापसाचा बोळा. हे दृश्य ज्याने कॅमेरा गळ्यात घातला आहे त्याला कसे सोडवेल?

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी आठ-दहा जणांचा गट गल्लीत आला. त्यांनी भराभर फोटो काढले आणि ते निघून गेले. चाचांनी मान वर करून पाहिलेही नाही, कारण कथील भांड्यावर फिरवताना नजर हलवून चालत नाही. पुढे वर्षभराने त्यांच्या भाच्याला एका कंपनीच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये तोच फोटो दिसला. काळा-पांढरा, मोठा, सुरेख. खाली फोटो काढणाऱ्याचे नाव होते. चाचांचे नाव नव्हते. कॅलेंडरची एक प्रतही त्यांच्यापर्यंत आली नाही.

आम्ही चाचांना विचारले, "तुम्हाला राग आला का?" ते म्हणाले, "राग कशाचा? काढला तर काढला. पण एक कॉपी आणून द्यायची होती. घरी दाखवली असती."

हे साधे वाक्य आमच्या डोक्यातून जाईना. फोटो काढावा की काढू नये याबद्दल आपल्यात वेगवेगळी मते आहेत आणि तो या पानाचा विषय नाही. या पानाचा विषय व्यवहार आहे. अनोळखी माणसाचा त्याच्या नकळत काढलेला फोटो ही आज जगभर विकली जाणारी वस्तू आहे. मग तिच्यात ज्याचा चेहरा आहे त्याचा वाटा काय? या प्रश्नाचे एक चोख उत्तर पूर्वी काही साध्या धंदेवाईक माणसांनी दिले होते. ते मोठे कलावंत नव्हते. रस्त्यावर उभे राहून रोजी कमावणारे होते.

डब्लिनच्या पुलावरचा माणूस

आयर्लंडची राजधानी डब्लिन. शहराच्या मधोमध लिफी नदीवर ओ'कॉनेल पूल आहे. या पुलावर १९३० च्या दशकापासून १९८० च्या दशकापर्यंत, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे, एक माणूस कॅमेरा घेऊन उभा असे. त्याचे नाव आर्थर फील्ड्स. मूळ नाव अब्राहम फेल्डमन. युक्रेनमधील छळाला कंटाळून आयर्लंडला आलेल्या एका ज्यू कुटुंबात १९०१ साली त्याचा जन्म झाला. निर्वासितांच्या मुलाला बापजाद्यांची पेढी कुठली असणार? पण पूल सर्वांचा होता आणि पुलावरून सारे शहर जात होते.

त्याची पद्धत अशी. समोरून कोणी येताना दिसले की, त्याच्या ध्यानात येण्याआधीच किंवा येता येता फोटो काढायचा. मग हातात एक चिठ्ठी द्यायची. फोटो हवा असेल त्याने ती चिठ्ठी घेऊन स्टुडिओत यावे, पैसे द्यावेत आणि आपला फोटो घेऊन जावे. नको असेल त्याने चिठ्ठी फेकून द्यावी. सक्ती नाही, भांडण नाही. घरच्या बाजूचे काम त्याची बायको सांभाळी. डार्करूममध्ये फिल्म धुणे आणि फोटो छापणे तिच्याकडे होते. म्हणजे आपल्याकडे जसे नवरा फेरीवर आणि बायको घरात शिलाई-बांधणीच्या कामात, तसाच हा घरगुती उद्योग होता.

या माणसाने आयुष्यभरात १,८०,००० च्या वर फोटो काढले असावेत असा अंदाज केला जातो. खरेदीला आलेले शेतकरी, नवीन कोट घातलेले तरुण, पहिल्यांदा शहर बघायला आलेली जोडपी, मुलांचा हात धरलेल्या आया. पुढे बीटल्स या गायकसंचामुळे जगप्रसिद्ध झालेला जॉर्ज हॅरिसन लहानपणी आईबरोबर डब्लिनला आला होता, तोही या कॅमेऱ्यात सापडला. पण फील्ड्सच्या लेखी तो आणखी एक गिऱ्हाईकच होता.

धंद्याचे गणित

आपल्या वाचकांपैकी बहुतेक जण धंद्यात आहेत, म्हणून या व्यवसायाचे गणित जरा नीट पाहू.

इथे माल आधी तयार होतो आणि गिऱ्हाईक नंतर ठरते. मात्र एकेक नग एकाच गिऱ्हाइकाला विकता येतो. तुमचा फोटो तुमच्याशिवाय कोण घेणार? त्यामुळे जोखीम सारी फोटोवाल्याची. समजा, त्याने दिवसात शंभर जणांचे फोटो काढले आणि त्यातले वीसच परत आले, तर ऐंशी जणांची फिल्म वाया गेली. ती किंमत वीस जणांकडून वसूल व्हायला हवी. म्हणून फिल्मचा खर्च जितका कमी, तितका धंदा टिकणार.

काळा-पांढरा फोटो याच कारणाने या धंद्याला सोयीचा पडला. काळ्या-पांढऱ्या छपाईचा कागद लाल उजेडाने खराब होत नाही. त्यामुळे डार्करूममध्ये लाल दिवा लावून, चित्र उमटताना डोळ्यांनी बघत काम करता येते. डेव्हलपर, पाणी, मग हायपो, पुन्हा पाणी, इतकी सोपी साखळी. रंगीत छपाईला जवळजवळ पूर्ण काळोख लागतो आणि रसायनाचे तापमान काटेकोर सांभाळावे लागते. घरच्या खोलीत रात्रीतून फोटो तयार करून सकाळी गिऱ्हाइकाच्या हातात देणे काळ्या-पांढऱ्यात सहज जमत असे. आज ज्याला लोक कला म्हणून नावाजतात, ती त्या काळी परवडणारी आणि झटपट होणारी पद्धत होती.

हातचलाखीही होती. चालत्या माणसाचा फोटो घेताना दर वेळी फोकस करायला सवड नसते. म्हणून असे फोटोवाले एक ठराविक अंतर आधीच लावून ठेवत. पदपथावरची एखादी खूण मनात धरायची आणि माणूस त्या खुणेवर आला की कळ दाबायची. भिंगाचे तोंड लहान ठेवले की पुढे-मागे पावलाचा फरक पडला तरी चित्र स्पष्ट येते. शिंपी जसा नजरेने माप घेतो तशी ही नजर सरावाने येते.

आणि सर्वात मोठे भांडवल म्हणजे माणसाची पारख. कोण थांबेल, कोण पैसे देईल, कोण चिडेल, हे समोरून येणाऱ्याच्या चालीवरून ओळखायचे. ज्याला फोटो नको आहे त्याच्यामागे लागले तर नुकसान आपलेच. फील्ड्सला त्याच पुलावर उद्याही उभे राहायचे होते. ज्याला एकाच जागी पन्नास वर्षे धंदा करायचा असतो तो गिऱ्हाइकाची इज्जत सांभाळतोच.

एकटा फील्ड्स नव्हे

हा धंदा एका माणसाचा नव्हता. इंग्लंडमध्ये मार्गेटसारख्या समुद्रकाठच्या सहलीच्या गावांत चालत्या माणसांचे फोटो काढणाऱ्या मोठमोठ्या पेढ्या होत्या. काहींनी सिनेमाचे कॅमेरे यासाठी वापरले. एका मागोमाग तीन चित्रे घेऊन एकाच पट्टीवर छापून देत. दक्षिण अमेरिकेत कोलंबियाच्या शहरांमध्येही असे चिठ्ठी देणारे फोटोवाले होते.

कॅनडातील व्हँकुव्हरमध्ये फॉन्सी पुलीचे याने १९३४ मध्ये वयाच्या विशीत हे काम धरले. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वतःचा धंदा उभा केला आणि १९७९ मध्ये निवृत्त झाला. सारखे रीळ बदलावे लागू नये म्हणून लांब रिळाचा कॅमेरा त्याने स्वतःच जुळवून घेतला होता. कारागिराने आपल्या कामासाठी आपले हत्यार आपणच बनवावे, हे आपल्या वाचकांना नवीन नाही. तो कॅमेरा आज व्हँकुव्हरच्या संग्रहालयात आहे.

हा धंदा मंदावला तो घराघरात स्वस्त कॅमेरा पोहोचल्यावर. आपल्या गेटवे ऑफ इंडियासमोर फोटो काढून देणाऱ्या भावांवर तीच वेळ पुढे मोबाईलने आणली. त्यांचे काम चोरून नव्हे, पर्यटकाला समोर उभे करून होते. पण व्यवहार तोच, ज्याचा फोटो त्याच्याच हातात. खांद्यावरच्या पिशवीत छोटा प्रिंटर ठेवून ते जागेवर फोटो छापून देऊ लागले. मात्र ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आल्यावर गिऱ्हाईक कमी झाले ते झालेच.

दुसरी वाट

आता त्याच काळातली दुसरी वाट पाहा. वॉकर इव्हान्स हा अमेरिकेतील मोठा छायाचित्रकार. १९३८ ते १९४१ या वर्षांत न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत तो कोटाच्या आत कॅमेरा लपवून बसे. भिंग दोन बटणांच्या मधून डोकावत असे आणि कळ दाबण्याची तार बाहीतून हातात आलेली असे. समोरच्या बाकावर दमूनभागून बसलेल्या प्रवाशांना पत्ताही नसे. चेहरे विलक्षण उतरले आहेत यात शंका नाही. माणूस एकटा असताना खरा कसा दिसतो, ते त्यात दिसते. इव्हान्सलाही आपण उसनी वस्तू घेतल्याची टोचणी असावी, कारण या चित्रांचे पुस्तक त्याने तब्बल पंचवीस वर्षे थांबून १९६६ मध्ये काढले. पण त्या प्रवाशांपैकी कोणाच्या हातात एखादी प्रत पडण्याचा मार्गच नव्हता.

पुढे या चित्रांना बाजार आला आणि तंटेही आले. फिलिप-लोर्का डिकोर्शिया या छायाचित्रकाराने १९९९ ते २००१ दरम्यान न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये जाणाऱ्या-येणाऱ्यांचे चेहरे त्यांच्या नकळत टिपले. ही चित्रे रंगीत होती. त्यातला एक चेहरा एका वृद्ध, धार्मिक ज्यू गृहस्थाचा होता. त्याच्या प्रती प्रत्येकी २०,००० ते ३०,००० डॉलरला विकल्या गेल्या. त्या गृहस्थाला हे कळले तेव्हा त्याने दावा लावला. आपल्या धर्मश्रद्धेला हे मान्य नाही, असे त्याचे म्हणणे होते. २००६ मध्ये न्यायालयाने निकाल त्याच्या विरुद्ध दिला. हे चित्र कला आहे आणि कलेला तिथल्या घटनेचे संरक्षण आहे, असे ठरले. कायद्याने निकाल लागला. पण त्या वृद्धाच्या मनाला काय वाटले असेल, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. आपल्या मोहल्ल्यातील परदानशीन बायाबापड्यांचे फोटो कोणी न विचारता काढतो तेव्हा हीच कळ आपल्याही काळजात उठते.

एका प्रतीची किंमत

आता एक उलट गोष्ट. फ्रान्सचा रोबेर द्वानो. १९५० मध्ये त्याने पॅरिसच्या नगरभवनासमोर एका तरुण जोडप्याचे काळे-पांढरे छायाचित्र काढले. जगाला वाटले, रस्त्यावर अचानक सापडलेला क्षण. १९८६ पासून त्याचे पोस्टर निघाले आणि लाखो घरांच्या भिंतींवर लागले. मग "ते जोडपे आम्हीच" असे म्हणत एक नवरा-बायको कोर्टात गेले. तेव्हा द्वानोला सांगावे लागले की, हे चित्र अचानक सापडलेले नव्हते. नाटकाचे शिक्षण घेणाऱ्या दोघांना घेऊन ते काढले होते. १९९३ मध्ये दावा फेटाळला गेला. खऱ्या जोडप्यातील स्त्रीनेही आपला वाटा मागितला. कोर्टाने तोही नाकारला.

पण तिच्याकडे एक गोष्ट होती. फोटो काढल्यानंतर थोड्याच दिवसांत द्वानोने त्याची एक प्रत तिच्या हातात दिली होती. ती तिने पंचावन्न वर्षे जपली आणि २००५ मध्ये लिलावात काढली. त्या एका कागदाला दीड लाख युरोंपेक्षा जास्त किंमत आली. वाचकहो, कोर्टाने जे दिले नाही ते एका प्रतीने दिले. अर्थात प्रत्येक फोटोला अशी किंमत येत नाही. लाखातल्या एकाला येते. पण चेहऱ्याच्या मालकाच्या हातात प्रत असणे म्हणजे काय, ते यावरून समजावे.

डब्लिनचेही असेच झाले. फील्ड्सने आपल्या निगेटिव्ह ठेवल्या नाहीत. इतक्या फिल्मा ठेवणार कुठे आणि त्यात पैसे अडकवणार कोण? १९९४ मध्ये तो वारला. त्याच्या हयातभरच्या कामाची पेटी कुठेच नव्हती. पण काही वर्षांनी डब्लिनच्या काही मंडळींनी लोकांना आवाहन केले की, पुलावर काढलेले फोटो तुमच्या घरी असतील तर पाठवा. कपाटांतून, अल्बममधून, आजीच्या ट्रंकेतून हजारो फोटो बाहेर आले. २०१४ मध्ये आयर्लंडच्या दूरचित्रवाणीवर त्यावर माहितीपटही झाला. काढणाऱ्याने काही ठेवले नाही. ज्यांचे चेहरे होते त्यांनी ठेवले, म्हणून एका शहराचा पन्नास वर्षांचा इतिहास वाचला. प्रत विकली गेली म्हणूनच ती उरली.

आपला कायदा काय म्हणतो

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार सामान्यतः फोटोचा पहिला मालक फोटो काढणारा असतो. फोटोतला माणूस नव्हे. पण तुम्ही स्वतः पैसे देऊन फोटो काढून घेतला, आणि वेगळा करार केला नसेल, तर पहिली मालकी तुमची. दुकानाच्या जाहिरातीसाठी फोटो काढून घेताना ही गोष्ट लक्षात ठेवावी. फोटोवाल्याने कागद पुढे केला तर वाचूनच सही करावी, कारण त्यात ही मालकी उलटी केलेली असू शकते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोचा हक्क काढणाऱ्याच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षे टिकतो.

मात्र फोटोची मालकी असली म्हणजे तुमचा चेहरा हवा तसा वापरण्याची मुभा मिळाली असे होत नाही. माणसाचे नाव किंवा त्याची छबी त्याच्या संमतीशिवाय जाहिरातीसाठी वापरणे हा त्याच्या खाजगीपणाचा भंग ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू राज्य या खटल्यात म्हटले आहे. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे ठरवले. म्हणजे प्रदर्शनात लावलेला फोटो ही एक बाब आणि कंपनीच्या मालाची जाहिरात करणारा फोटो ही दुसरी. आपला चेहरा दुसऱ्या प्रकारात दिसला तर गप्प बसू नये. वकिलाला दाखवावा.

आपण काय करावे

आम्ही कारागीर भावांना असे सांगू की, कॅमेरेवाल्यावर ओरडून काही मिळत नाही. फोटो नको असेल तर सरळ, शांतपणे नाही म्हणा. चालत असेल तर त्याचे नाव आणि नंबर लिहून घ्या आणि एक छापील प्रत मागा. फोन नव्हे, कागदावरची. फोटो कुठे वापरणार हे विचारा. "जाहिरातीत, कॅलेंडरमध्ये वापरलात तर मला विचारून आणि मोबदला देऊन," इतके बोलायला काही जात नाही. फोटोखाली आपले व आपल्या कामाचे नाव घालायला सांगा. ज्या चित्राखाली कल्हईवाल्याचे नाव आणि गल्ली लिहिली आहे, त्याने गिऱ्हाईक येऊ शकते. नुसत्या "म्हातारा आणि धूर" अशा चित्राने काही येत नाही.

आणि कॅमेरा हातात घेतलेल्या आपल्या तरुणांना सांगणे आहे. लग्नसराईत रांग लावून केलेल्या त्याच त्याच फोटोंनी लोक कंटाळले आहेत. बाजारातला, कारखान्यातला, आजोबांच्या दुकानातला सहज टिपलेला काळा-पांढरा फोटो लोकांना आवडतो. त्यात धंदा आहे. पण फील्ड्सची रीत धरा. आधी ज्याचा चेहरा त्याला दाखवा. त्याला नको असेल तर त्याच्यासमोर पुसून टाका. हवा असेल तर वाजवी दरात छापून द्या. ईदच्या आधी, उरुसात, आठवडी बाजारात दिवसभर उभे राहिलात तर रोजी निघेल. आणि फील्ड्सची चूक करू नका. त्याच्याकडे जागा नव्हती, तुमच्याकडे आहे. काढलेला प्रत्येक फोटो, नाव, तारीख आणि जागा लिहून, दोन ठिकाणी साठवून ठेवा. परवानगीची एक ओळ आणि सही वहीत घेऊन ठेवा. दुसऱ्याचा चेहरा आपल्याकडे अमानत असतो. अमानतीचा हिशेब चोख ठेवणाऱ्याला बाजारात पत मिळते.

शेवटी आम्ही त्या कॅलेंडरचे पान मिळवले, चौकट करून घेतली आणि चाचांना नेऊन दिली. चाचांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिले. मग बोट ठेवून म्हणाले, "ही देग बशीरच्या लग्नाची. तळाला भोक होते, मी झाळून दिले होते." पाहणाऱ्या सर्वांना त्या चित्रात धूर दिसला होता. काम फक्त ज्याचे होते त्यालाच दिसले. म्हणून तरी ज्याचा चेहरा त्याच्या हातात एक प्रत पडली पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे.